शाळेतला पडदा आणि चालू खर्च

कारखान्यात नवे यंत्र घ्यावयाचे ठरले म्हणजे व्यवस्थापक दोन आकडे विचारतो. यंत्राची किंमत किती, हा पहिला. आणि ते वर्षभर चालते ठेवण्यास किती पडेल, हा दुसरा. दुसरा आकडा न विचारता यंत्र घेणारा व्यवस्थापक रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आम्हांला तरी भेटलेला नाही, आणि असा कोणी असलाच तर तो फार दिवस त्या खुर्चीवर राहत नसावा. आमच्या सरकारी शाळांत मात्र गेली दहा-बारा वर्षे यंत्रे येत आहेत ती सगळी पहिल्याच आकड्यावर. टॅब येतात, प्रोजेक्टर येतात, भिंतीएवढे पडदे येतात. फित कापली जाते, छायाचित्र निघते. दुसरा आकडा कोणाच्याच वहीत नसतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही शिरूर तालुक्याच्या पूर्व अंगाला, एका वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. चार इयत्ता, दोन शिक्षक, शेहेचाळीस मुले. भिंतीवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी होती आणि ती चांगली पुसलेली होती. ज्याच्यासाठी पाटी लावली तो प्रोजेक्टर मात्र कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. त्याचा दिवा उडाला होता. गुरुजी म्हणाले, "यंत्र मिळालं, भाऊ, दिव्याला कोणी वाली नाही." दहा टॅबांपैकी चार चालत होते. ते चार बाई रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेत, रात्री चार्ज करीत आणि सकाळी परत आणीत. कारण शाळेच्या वेळात वीज असेलच असा भरवसा नव्हता. इंटरनेट गुरुजींच्या स्वतःच्या मोबाईलवरचे. ह्या दोघांनी महिन्याला पदरचे किती घातले ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पगारातून अशी पदरमोड करणारा माणूस हिशेब ठेवीत नाही. ठेवला तर त्याच्याच्याने ती व्हायची नाही.

हा विषय आम्ही हाती घेतला तो ह्या शाळेमुळे. वर्गातले प्रत्यक्ष शिकवणे आणि पडद्यावरून मिळणारे शिकवणे यांची सांगड घालावी, हे आता बहुतेकांना मान्य आहे. त्याविषयीचा वाद आता संपत आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. उरला आहे तो पैशाचा प्रश्न, आणि पैशाच्या प्रश्नावर बोलणे हा आमचा धंदाच आहे.

परंतु आधी एक शंका दूर केली पाहिजे. ही यंत्रे खरोखर उपयोगी पडतात काय? येथे दोन परदेशी-देशी अनुभव सांगण्याजोगे आहेत. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने लाखो मुलांच्या हाती स्वस्त लॅपटॉप दिले. खेड्यांतील ३१९ शाळांची पाहणी करून अभ्यासकांनी २०१२ साली निष्कर्ष काढला तो असा की, गणित आणि भाषा या विषयांत मुलांच्या प्रगतीवर त्याचा परिणाम दिसला नाही. यंत्र दिले, त्यावर काय आणि कसे शिकवावयाचे हे दिले नाही. याच्या उलट गोष्ट दिल्लीची. तेथे २०१५-१६ साली सरकारी माध्यमिक शाळांतील मुलांसाठी शाळा सुटल्यावर केंद्रे चालविली होती. दीड तासाच्या वेळात निम्मा वेळ मूल संगणकावर बसे. जे त्याला येत नाही तेवढेच संगणक त्याच्यापुढे ठेवी, मग ते मूल कोणत्याही इयत्तेचे असो. उरलेला निम्मा वेळ लहान गटाला एक माणूस शिकवी. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक सुधारणा दिसली. आम्हांला यातली मख्खी वाटते ती ही की, तेथे यंत्र होते आणि माणूसही होता. एकाचा पगार वाचविण्यासाठी दुसरे आणलेले नव्हते.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाला नवे यंत्र दिसले की पहिली धास्ती वाटते ती कोणाचा हात जाणार याची. २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव राज्य सरकारने मागविले, तेव्हा ही धास्ती निराधार नाही असे वाटले. मोठ्या शाळेत पडदे, प्रयोगशाळा, सारे काही मिळेल, असे सांगण्यात येते. मिळेलही. पण सहा वर्षांच्या मुलीने उसाच्या रानातून, ज्या रानात बिबट्याचा वावर आहे, दोन-तीन किलोमीटर जावे कसे? शिरूर, जुन्नर, आंबेगाव या भागातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पडदा वस्तीवर आला पाहिजे. मूल पडद्याकडे पाठवून शिक्षकाची जागा वाचविण्याचा तो मार्ग होऊ नये.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या साऱ्या गोष्टींची परीक्षाच झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांप्रमाणे देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. पुढे मोबाईल झपाट्याने वाढले. २०२१ च्या 'असर' पाहणीत ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. पण ज्यांच्या घरी तो होता त्यांतल्याही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो कधीच पडत नव्हता. आकडा वाचून शहरातल्या माणसाला नवल वाटेल, आम्हांला वाटले नाही. आमच्या सभासदांच्या घरी फोन एक, आणि तो बापाच्या खिशात. पहिल्या पाळीचा कामगार पहाटे फोन घेऊन घराबाहेर पडतो आणि दुपारी चारला परततो. तास सकाळी अकराला. ठेकेदाराकडील कामगाराची तर गत अशी की, फोन लागला नाही तर उद्याचे काम दुसऱ्याला जाते. तो मुलीच्या हाती फोन कसा ठेवील? त्या दिवसांत सह्याद्री वाहिनीवर 'टिलिमिली' ही मालिका सुरू झाली. तिचा उपयोग आमच्या वस्त्यांत फोनपेक्षा अधिक झाला, आणि कारण अगदी साधे आहे: दूरदर्शनचा संच बापाबरोबर पाळीवर जात नाही. सबब, घरच्या साधनावर भिस्त ठेवून सरकारी शिक्षणाची मांडणी करता येणार नाही. साधन शाळेचे हवे, आणि ते शाळेतच चालते हवे.

आता पैसा कोठून येतो ते पाहू.

शिक्षणासाठी नियमित पट्टी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाऊ लागला. पैसा खेड्यातल्या कुणब्याचा; आणि १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांची तक्रार हीच होती की, रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शाळा तशाच राहतात. लोकल फंड हा त्या काळचा चालू खर्च होता. तो दरसाल येई. कमी होता, अपुरा होता, पण त्याची तारीख ठरलेली होती.

नियमित पैसा नसला की काय होते त्याचे उदाहरण पुढच्या शतकात सापडते. १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैअखेर भारताने अमेरिकेचा एक उपग्रह वर्षाच्या बोलीने घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी. जगभर त्या प्रयोगाची वाहवा झाली. वर्ष संपले, उपग्रह परत गेला, आणि बहुतेक गावांतले ते प्रसारण त्याच्याबरोबर गेले. प्रयोग म्हणून ते ठीकच होते. पण शाळा हा प्रयोग नव्हे. तेथे पहिलीतले मूल पुढच्या वर्षी दुसरीत जाते.

सध्याची मोठी योजना म्हणजे २०१८ पासूनची समग्र शिक्षा. तिचा खर्च केंद्र आणि राज्य महाराष्ट्रात ६० आणि ४० या प्रमाणात उचलतात. या योजनेत संगणक-शिक्षणासाठी एका शाळेला एकदाचे ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. पाच वर्षांचा चालू खर्च १२ लाख होतो, म्हणजे यंत्रांच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा दुसरा आकडा सरकारला ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. ठाऊक आहे, पण ही तरतूद सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी आहे. आमच्या वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा तीत पायच नाही. २०२२ साली जाहीर झालेली पीएम श्री योजनाही देशातल्या १४,५०० निवडक शाळांपुरती आहे. निवडलेल्या शाळा चांगल्या होतील. आमचा प्रश्न न निवडलेल्यांचा आहे.

मग त्या शाळेला मिळते काय? मिळते ते संयुक्त शाळा अनुदान. ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये. त्यांतले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चावयाचे. राहिले २२,५००, महिन्याला १,८७५. त्यातून खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती, विजेचे बिल आणि इंटरनेट, सारेच भागवावयाचे, तेही अनुदान पुरते आणि वेळेवर हाती आले तर. शाळेचे वीजबिल घरगुती दराने येत नाही, 'सार्वजनिक सेवा' असा तिचा वेगळा वर्ग आहे. आणि थकबाकीपोटी शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अनेकदा छापून आलेल्या आहेत. आता कारखान्यातला साधा कारकूनही ज्याला घसारा म्हणतो तो लावून पाहू. समजा, दहा टॅब दहा-दहा हजारांचे. एकूण लाख रुपये. पाच वर्षांनी ते निकामी होणार, म्हणजे दरसाल २० हजार बाजूला टाकले तरच सहाव्या वर्षी नवे घेता येतील. एकट्या घसाऱ्यातच शाळेचे जवळजवळ सगळे अनुदान गेले. म्हणून कपाटात पिशव्या बांधलेल्या दिसतात. यात गुरुजींचा आळस नाही, गणिताचा दोष आहे.

दुसरा झरा ग्रामपंचायतीचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी पंचायतींना जे पैसे दिले त्यांतले ६० टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधलेले आणि ४० टक्के मोकळे होते. मोकळ्या पैशातून शाळेसाठी पडदा घेता येतो. पण ज्या गावात रस्ता नाही तेथे ग्रामसभा पडद्याला आधी हात वर करील, ही अपेक्षा करणे म्हणजे त्या गावाची चेष्टा होय. भारतनेटची तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आली असली, तरी कचेरीपासून वस्तीच्या शाळेपर्यंत ती कोणी न्यावयाची, हाही प्रश्न तसाच लोंबकळत राहतो.

तिसरा झरा कंपन्यांचा, आणि आमच्या तालुक्यात हाच सर्वांत मोठा दिसतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च केले पाहिजेत, आणि आपल्या कारखान्याच्या परिसराला पसंती द्यावी असे कायदाच सांगतो. हे कलम चांगले आहे. या पैशातून उभ्या राहिलेल्या चांगल्या वर्गखोल्या आम्ही पाहिल्या आहेत. आमची तक्रार तीन प्रकारची आहे. एक तर हा पैसा कोणत्या शाळेला द्यावयाचा हे कंपनी ठरविते. आणि साहेबांची मोटार ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याच्या कडेचीच शाळा त्यांना दिसते. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा नगर रस्त्याचा पट्टा एकीकडे आणि आत वळून दहा-पंधरा किलोमीटरवरची वस्ती दुसरीकडे. पाऊस रस्त्यावर पडतो आणि शेत आत असते, तशातला प्रकार. दुसरे, चालू प्रकल्प म्हणून कंपनीला तो आरंभाचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच धरता येतो. मूल मात्र शाळेत आठ वर्षे असते. आणि तिसरे, विजेच्या बिलावर नावाची पाटी लावता येत नाही.

नफ्याचे दोन टक्के म्हणजे कोणाचे उपकार, असे आम्ही मानीत नाही. त्या नफ्यात कामगाराचा घाम आहे, आणि ठेक्यावरचा जो कामगार मराठवाड्यातून किंवा बिहारातून येऊन चाळीतल्या एका खोलीत राहतो, त्याचेच मूल याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बसते. ऊसतोडीच्या हंगामात फडावरची मुलेही तेथेच येतात आणि मध्येच निघून जातात. ज्या मुलाचा अभ्यास दरसाल तुटतो त्याला जेथे तुटला तेथून जोडून देणारे साधन हवे आहे, आणि ते नेमके यंत्राला जमते. दिल्लीच्या केंद्रांत हेच साधले होते. म्हणून हा खर्च हौसेचा नाही.

चौथी गोष्ट लोकवर्गणीची. तिच्याविषयी बोलताना शिरूर तालुक्याला वाबळेवाडीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. एका लहानशा वाडीच्या शाळेला गावकऱ्यांनी जमीन दिली, वर्गणी आणि कंपन्यांची मदत मिळून काचेच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या, मुलांच्या हाती टॅब आले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालकांची प्रतीक्षा-यादी लागली. खासगी इंग्रजी शाळांकडे निघालेला लोंढा उलटा फिरविता येतो हे तिने सिद्ध केले. हे तिचे ऋण मोठे आहे. पुढे वर्गणीच्याच प्रश्नावरून त्या शाळेभोवती वाद उठला. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण एवढे खरे की, सरकारी शाळेचा चालू खर्च वर्गणीवर टाकला म्हणजे शिक्षकाच्या एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक येते. पावतीपुस्तक आले की संशय येतो. आम्ही संघटनेची वर्गणी तीस वर्षे गोळा केली आहे. संशयाची चव आम्हांला ठाऊक आहे. ती शिक्षकाच्या वाट्याला येऊ नये.

त्या शाळेचे मुख्याध्यापक वारे गुरुजी नंतर खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या शाळेत गेले, आणि २०२५ साली त्या शाळेला जगातील उत्कृष्ट शाळांच्या पारितोषिकांत लोकमताचा पुरस्कार मिळाला. तेथल्या पद्धतीत मोठी मुले 'विषयमित्र' होऊन लहानांना शिकवितात. याला वीज लागत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तर मग आमचे म्हणणे काय? कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडविलेला आहे. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी स्थापन झाला. त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघेही दर सहामाहीला थोडी थोडी रक्कम भरतात. कोणी मोठा दाता नाही, कोणाची पाटी नाही, पण जूनचा हप्ता जूनला आणि डिसेंबरचा डिसेंबरला येतो. याच धर्तीवर तालुक्याचा एक शाळा-निधी का असू नये? कारखान्यांकडून घरपट्टी मिळणाऱ्या ग्रामपंचायतींनी आपला अंश द्यावा, कंपन्यांनी दोन टक्क्यांतला काही भाग पाटीचा मोह सोडून येथे टाकावा, जिल्हा परिषदेने तेवढीच भर घालावी. आणि वाटणी पटाप्रमाणे व्हावी, रस्त्याप्रमाणे नव्हे. कामगारांचाही अंश असावा. दरमहा एक चहा कमी झाला म्हणून आमचे सभासद कुरकुरणार नाहीत, आणि ज्याचा अंश त्याला हिशेब मागण्याचा हक्क. या निधीतून यंत्रे घेऊच नयेत. यंत्रे देणारे पुष्कळ आहेत. निधी वीज, इंटरनेट, दुरुस्ती आणि घसारा यांच्यासाठीच राखावा. शिवाय दहा-बारा शाळांच्या केंद्रामागे एक फिटर नेमावा. कारखान्यात फिटरवाचून पाळी चालत नाही. शाळेत मात्र टॅब बिघडला की बाईंनी दुकान शोधीत शिरूरच्या बाजारात हिंडावयाचे, हा न्याय कुठला?

हे होईल तेव्हा होईल. तोवर हाती एक कायदेशीर हत्यार आहे आणि ते गंजत पडले आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया. २२ वे कलम त्या समितीला शाळा विकास आराखडा करावयास सांगते, आणि सरकारने वा स्थानिक संस्थेने अनुदान द्यावयाचे ते या आराखड्याच्या आधारावर, असेही तेच कलम म्हणते. पुष्कळ शाळांत हा आराखडा गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून उतरविला जातो, आणि पालक अंगठा किंवा सही करून घरी जातात. मागणीपत्र कसे लिहावे हे आम्ही आमच्या सभासदांना शिकवितो. तेच येथे लागू पडते. मोघम 'डिजिटल सुविधा हवी' असे लिहिले की त्याचे मोघमच उत्तर येते. रक्कम लिहावी, ती कशी आली ते लिहावे, आणि पोच घ्यावी.

ज्या शाळेची हकिकत आम्ही आरंभी सांगितली तेथल्या समितीच्या बैठकीला आम्ही पुढे दोनदा गेलो. अध्यक्ष एक शेतमजूर बाई आहेत. त्यांनी पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारला: "दिवा किती रुपयांचा?" गुरुजींनी आकडा सांगितला. "आणि किती दिवस जळतो?" तोही सांगितला. व्यवस्थापकाचा दुसरा आकडा तो हाच. मग चार ओळी तयार झाल्या: वर्षाचे वीजबिल, वर्षाचे इंटरनेट, प्रोजेक्टरचा दिवा व किरकोळ दुरुस्ती, दहा टॅबांचा घसारा २० हजार. खाली बेरीज, आणि बेरजेखाली पालकांच्या सह्या. आराखड्याची ती प्रत पंचायत समितीत दिली. पोच अध्यक्षबाईंच्या घरी, डब्यात जपून ठेवलेली आहे. उत्तर अजून आलेले नाही. येत्या सोमवारी त्या पुन्हा जाणार आहेत, आणि आम्ही त्यांच्याबरोबर.